पहारेकऱ्यांची पायवाट

इंग्लंडच्या नैऋत्येचं निमुळतं टोक अटलांटिक महासागरात लांबवर घुसलेलं आहे. या टोकाला वळसा घालत, समुद्राच्या कडेकडेनं एक पायवाट जाते. सॉमरसेटमधल्या माइनहेड गावी ती सुरू होते, डेव्हन आणि कॉर्नवॉलचा किनारा पालथा घालते आणि डॉर्सेटमध्ये पूल बंदराच्या तोंडाशी थांबते. साउथ वेस्ट कोस्ट पाथ हे तिचं नाव. लांबी ६३० मैल, म्हणजे हजार किलोमीटरांहून थोडी अधिक. पुरी वाट चालायची तर सगळे चढ मिळून सुमारे ३५,००० मीटर चढावं लागतं, एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ चौपट. वाटेत मोठा म्हणावा असा डोंगर मात्र एकही नाही. हे चढ ओढ्यांनी घडवले आहेत. पठारावरून समुद्राकडे धावणारा प्रत्येक ओढा कड्यात एक घळ कापतो. वाट त्या घळीत उतरते, ओढा ओलांडते आणि पलीकडच्या अंगानं पुन्हा तेवढीच वर येते. असं दिवसभर चालू राहतं.

पठारावरून सरळ गेलं तर निम्मे कष्ट वाचतील. तरीही वाट काठ सोडत नाही, कारण ती ज्यांच्या पायांनी पडली त्यांना काठ सोडून भागणारं नव्हतं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ब्रँडी, चहा, तंबाखू यांवर जबर जकात असे. समुद्रापलीकडे फ्रान्स, अलीकडे असंख्य आडबाजूच्या पुळणी आणि मदतीला गावंच्या गावं, त्यामुळे रात्री चोरटा माल उतरवण्याचा धंदा जोरात होता. त्याला आळा घालायला १८२२ मध्ये कोस्टगार्ड दल उभं राहिलं. दलाचे शिपाई रात्रीच्या रात्री पायी गस्त घालत. प्रत्येक घळीत, प्रत्येक कपारीखाली डोकावून पाहणं हेच त्यांचं काम. त्यांच्या पावलांनी ही वाट रुळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गस्त थांबली आणि ठिकठिकाणी झुडपांनी वाट गिळली. पुढे पायवाटांविषयीच्या १९४९ च्या कायद्यानं ती पुन्हा जिवंत झाली, टप्प्याटप्प्यानं. कॉर्नवॉलचा भाग १९७३ मध्ये खुला झाला, शेवटचा तुकडा १९७८ मध्ये.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेल्या आम्हा नवराबायकोनं या वाटेचा अगदी पश्चिमेकडचा तुकडा निवडला, सेंट आइव्हज ते पेन्झान्स. गाडीरस्त्यानं ही दोन गावं अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. काठाकाठानं गेलं तर सुमारे ६५ किलोमीटर भरतात. या भागाला पेन्विथ म्हणतात. जमीन ग्रॅनाइटची, वारा कायमचा, आणि झाडं जिथे आहेत तिथे वाऱ्यानं एका बाजूला कललेली.

सेंट आइव्हज हे एके काळी मासेमारीचं आणि आता चित्रकारांचं गाव. शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांचं घर इथेच, आणि पोर्थमिअरच्या पुळणीसमोर १९९३ पासून टेट संग्रहालयाची शाखा. त्या पुळणीच्या टोकाला गाव संपतं आणि दगडी खांबावर ओकच्या फळाची खूण दिसते. इंग्लंडच्या राष्ट्रीय पायवाटांची ही खूण. पश्चिमेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि ही खूण शोधत राहायचं, बाकी नकाशाचं काम थोडंच उरतं.

सेंट आइव्हज ते झेनॉर हा टप्पा दहा-अकरा किलोमीटरांचा, पण चालणारे त्याला मान देतात तो उगाच नाही. इथे मळलेली वाट अशी थोडीच. कुठे ग्रॅनाइटच्या धोंड्यांवरून हातापायांनी चढायचं, कुठे दलदलीवर टाकलेल्या शिळांवरून तोल सांभाळत जायचं. मेअखेरीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरली होती, आणि ऊन चढलं तशी त्या फुलांचा वास दरवळू लागला. तो वास थेट खोबऱ्याचा! बायकोनं दोनदा फूल नाकाशी नेऊन पाहिलं. "डोळे मिटले तर वाटेल, कुणीतरी नारळ खवतंय," ती म्हणाली. काठाच्या खडकांवर थ्रिफ्टचे गुलाबी गेंद, त्यांच्यामधून पांढरी सी कॅम्पिअन, आणि आडोशाच्या उतारांवर फॉक्सग्लोव्हचे जांभळे तुरे. खारा वारा सोसणारी थ्रिफ्ट आणि कॅम्पिअन जमिनीलगत चिकटून राहतात, मुळं मात्र खडकाच्या फटीत खोल घालतात.

थोडं पुढे कॅरॅक्स नावाच्या खडकांवर करड्या सीलांची वस्ती आहे. ओहोटीला ते खडकावर येऊन पसरतात. भरतीचं पाणी अंगाला लागलं तरी हलत नाहीत, डोकं आणि शेपूट तेवढी वर उचलतात. कड्यावरून पाहताना आवाज करायचा नाही, हा इथला शिरस्ता. घाबरलेला सील खडकावरून घाईनं घसरतो आणि जखमी होतो.

झेनॉरचं गाव काठापासून जरा आत आहे. तिथे जाताना लहान लहान वेड्यावाकड्या शेतांमधून वाट जाते. प्रत्येक शेताला दगडमातीचा गडगा. त्यांतल्या काही शेतांची आखणी कांस्ययुगातली, म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि त्याच गडग्यांच्या आत आजही गाई चरतात. गडगा ओलांडायला ग्रॅनाइटच्या पायऱ्या बसवलेल्या असतात. माणूस चढून जातो, गुरं अडतात, आणि फाटक उघडं राहण्याची भीतीच नाही. गावच्या चर्चमध्ये एका जुन्या लाकडी बाकाच्या कडेवर जलपरी कोरलेली आहे, एका हातात फणी, दुसऱ्या हातात आरसा. चर्चमध्ये गाणाऱ्या तरुणाच्या आवाजावर भाळून ती त्याला समुद्रात घेऊन गेली, अशी आख्यायिका आहे. त्या बाकावर गेल्या पाच-सहाशे वर्षांचे हात फिरून लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत झालं आहे.

पहिल्या महायुद्धात कादंबरीकार डी. एच. लॉरेन्स झेनॉरजवळच्या एका घरात राहत होते. पत्नी फ्रीडा जर्मन होती. कड्याखालून जर्मन पाणबुड्या फिरत असताना हे जोडपं त्यांना खुणा करत असेल, असा संशय पसरला आणि १९१७ च्या ऑक्टोबरात त्यांना कॉर्नवॉल सोडण्याचा हुकूम झाला. किनाऱ्याकडे पाहणारी नजर किती सावध, प्रसंगी किती कठोर असे, ते यावरून कळतं.

झेनॉरनंतर गर्नार्ड्स हेड हे भूशिर लागतं. लोहयुगातल्या लोकांनी त्याच्या चिंचोळ्या मानेवर तटबंदी घालून त्याचा किल्ला केला होता. तीन बाजूंना समुद्र आणि चौथीवर तट, ही रचना आपल्या जलदुर्गांच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पुढे बोसिग्रनचे कडे, गिर्यारोहकांचे लाडके, आणि मग पेंडीन वॉचचा दीपस्तंभ. तो १९०० मध्ये पेटला. इथून किनाऱ्याचा चेहराच बदलतो. हिरवळ विरळ होते, माती तांबडी-करडी होते आणि कड्यांवर उंच धुरांडी दिसू लागतात.

हा कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींचा प्रदेश. खनिजाच्या शिरा कड्यातून समुद्राकडे गेल्या होत्या, म्हणून माणसंही त्यांच्यामागे समुद्राच्या तळाखाली गेली. लेव्हंट खाणीचे बोगदे तळाखालून मैलभराहून लांब गेले होते. बोटॅलॅकला खाणीची दोन इंजिनघरं कड्याच्या अगदी तळाशी, लाटांच्या फवाऱ्याच्या अंतरावर उभी आहेत. इंग्रज कादंबरीकार विल्की कॉलिन्स एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या खाणीत उतरले होते. डोक्यावरच्या खडकापलीकडे समुद्र गरजताना त्यांनी ऐकला आणि तो अनुभव लिहून ठेवला. त्या इंजिनघरांसमोर उभं राहिल्यावर नजर आपोआप पाण्यावर जाते, कारण खाण त्या पाण्याखाली आहे.

लेव्हंटमध्ये १८४० चं वाफेचं इंजिन स्वयंसेवकांनी दुरुस्त करून पुन्हा चालतं केलं आहे. तुळईसारखा भला मोठा लोखंडी दांडा वरखाली होतो, तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास येतो, आणि एवढं मोठं यंत्र आश्चर्य वाटावं इतक्या कमी आवाजात फिरतं. त्या इंजिनघराजवळच एक गोल, दगडांनी बांधलेली विहीर आहे. तिच्यात मॅन इंजिन होतं. खाणीच्या उभ्या विवरात लांबच लांब लाकडी दांडा सोडलेला असे, आणि वाफेच्या जोरावर तो बारा फूट वर, बारा फूट खाली असा हलत राही. दांड्यावर ठरावीक अंतरांवर पायऱ्या, विवराच्या भिंतीलाही तशाच पायऱ्या. वर यायचं असेल तर कामगार दांड्यावरच्या पायरीवर उभा राही. दांडा वर गेला की भिंतीच्या पायरीवर पाऊल टाके, दांडा खाली येऊन पुन्हा वर निघाला की त्याची पुढली पायरी धरे. अंधारात, दिवसभराच्या मेहनतीनंतर, अशी शेकडो पावलं. २० ऑक्टोबर १९१९ रोजी पाळी सुटताना, दांड्यावर शंभराहून अधिक माणसं असताना, वरचा लोखंडी जोड तुटला. ३१ कामगार गेले. त्या विहिरीच्या काठावर आम्ही बराच वेळ उभे होतो. कथलाचा डबा हातात घेताना यापुढे ही विहीर आठवेल.

खाणी बुडू लागल्या तसे कॉर्नवॉलचे कामगार जगभर गेले. ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका, आणि आपल्याकडे कोलारसुद्धा. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी चालवत होती, आणि तिथे खोल खाणकामाचं कसब घेऊन गेले ते या कड्यांवरचे लोक. पेंडीनजवळची जीव्हॉर खाण १९९० मध्ये बंद झाली. आता तिथे संग्रहालय आहे. कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनच्या या खाणप्रदेशाला २००६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. जीव्हॉरमधल्या एका बाकावर बसून आम्ही कॉर्निश पेस्टी खाल्ली. गोमांस, बटाटा, स्वीड नावाचा कंद आणि कांदा भरून, कडेला जाड मुरड घालून भाजलेली ही खाणकामगाराची शिदोरी. आमची चीज आणि कांद्याची होती. कॉर्निश पेस्टी हे नाव २०११ पासून युरोपात भौगोलिक मानांकनानं राखलेलं आहे.

सेंट जस्टच्या खाली केप कॉर्नवॉल. टोकावर खाणीचं एकच धुरांडं उभं आहे. हे भूशिर १९८७ मध्ये हाइन्झ कंपनीनं विकत घेऊन राष्ट्राला दिलं. आता नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था ते सांभाळते. त्यापुढच्या घळीच्या तोंडाशी पोर्थ नॅनव्हेन ही छोटी पुळण आहे. वाळू जवळजवळ नाहीच. अंड्याच्या आकाराचे, हातात मावतील ते मिठीत न मावतील अशा मापांचे गोटे पसरले आहेत. नवल त्यांच्या मागे आहे. किनाऱ्यामागच्या मातीच्या कड्यात, आपल्या डोक्याच्या उंचीला, अगदी तसेच गोटे थर लावून बसवल्यागत दिसतात. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्याहून उंच होती, तेव्हाची ही पुळण. समुद्र मागे हटला, तिच्यावर माती साचली, आणि आताच्या लाटा तो कडा खाऊन जुने गोटे पुन्हा मोकळे करत आहेत. खाली पडलेला एखादा गोटा उचलून न्यायला कायद्यानं बंदी आहे. कड्यात बोट लावून पाहिलं तर माती ओलसर आणि भुसभुशीत लागते. किनारा किती वेगानं बदलू शकतो ते त्या स्पर्शात समजतं.

सेनेनच्या लांब पांढऱ्या पुळणीवरून लँड्स एंडला पोहोचायला तासही लागत नाही. इंग्लंडच्या मुख्य भूमीचं हे पश्चिम टोक. तिथे दुकानं आहेत, खेळ आहेत, फोटोसाठी खांब आहे. समोर लाँगशिप्स दीपस्तंभ आणि हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर सिली बेटं. गर्दीतून बाहेर पडून दक्षिणेकडे वळलं की दहा मिनिटांत पुन्हा वारा, गॉर्स आणि आपण. आता वाट पूर्वेकडे फिरते.

ग्वेनॅप हेडवर टेहळणीची चौकी आहे. सरकारी कोस्टगार्डनं अशा कित्येक चौक्या बंद केल्यानंतर १९९४ पासून नॅशनल कोस्टवॉच ही स्वयंसेवी संस्था त्या पुन्हा उघडू लागली. चौकीत एक निवृत्त गृहस्थ दुर्बिणीजवळ बसले होते. आम्ही दारात घुटमळलेलो पाहून त्यांनी आत बोलावलं. समोरच्या वहीत जाणाऱ्या प्रत्येक नौकेची वेळ आणि दिशा टिपलेली होती.

"रडार असताना डोळ्यांनी कशाला बघता?" मी विचारलं.

"लहान होडी रडारवर दिसेलच असं नाही," ते म्हणाले. "आणि पाण्यात पडलेला माणूस तर नाहीच. तो दिसतो फक्त बघणाऱ्याला."

चौकीच्या खाली जमिनीवर दोन मोठे शंकू उभे आहेत, एक लाल, एक काळापांढरा. मैलभर आत समुद्रात रनेल स्टोन नावाचा पाण्याखालचा खडक आहे. त्यावर कित्येक जहाजं फुटली. खलाशानं किनाऱ्याकडे पाहायचं. मागचा काळापांढरा शंकू दिसतोय तोवर ठीक. तो लाल शंकूआड पूर्ण झाकला गेला, तर जहाज नेमकं खडकावर आहे. दोन शंकू आणि एक सरळ रेषा, बस्स. कसलीही वीज नाही, यंत्र नाही.

पुढे पोर्थग्वारा आणि मग मिनॅक. कड्याच्या उतारावर ग्रॅनाइटमध्ये कोरलेलं खुलं नाट्यगृह. रंगमंचामागे पडदा नाही, समुद्र आहे. रोवेना केड या बाईंनी आपल्या घराखालचा हा उतार माळ्याच्या मदतीनं खणायला सुरुवात केली, आणि १९३२ च्या उन्हाळ्यात इथे शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' झालं. त्यानंतर अनेक दशकं त्या स्वतः खालच्या पुळणीवरून वाळू आणून सिमेंट कालवत, बाकं घडवत राहिल्या. इथे झालेल्या नाटकांची नावं बाकांवर कोरलेली आहेत. १९८३ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांचं वय नव्वदीला टेकलं होतं.

मिनॅकहून खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्या उतरल्या की पोर्थकर्नोची पुळण. पाणी हिरवंनिळं, वाळू बारीक शिंपल्यांची. मुंबईच्या माणसानं इथे थांबायलाच हवं. १८७० च्या जून महिन्यात या पुळणीवर समुद्राखालची तारेची केबल किनाऱ्याला लागली, आणि तिचं दुसरं टोक मुंबईत होतं. मुंबई ते एडन हा भाग 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजानं टाकला. पुढे सुएझ, मग इजिप्त जमिनीवरून ओलांडून अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर आणि लिस्बनजवळचं कार्काव्हेलोस अशी मजल दरमजल करत केबल इथवर आली. मागे होते जॉन पेंडर हे उद्योगपती. आधी ती फॅल्मथच्या गजबजलेल्या बंदरात आणायचं घाटत होतं. पण जहाजांच्या नांगरांनी केबल तुटेल, म्हणून ही निर्जन पुळण निवडली. ज्या आडबाजूमुळे असल्या जागा चोरट्या मालाला सोयीच्या होत्या, त्याच आडबाजूनं साम्राज्याचा संदेशवहनाचा दोरा सुरक्षित ठेवला.

तोवर लंडनहून मुंबईला पत्र जायला आठवडे लागत. जमिनीवरून जाणारी तार होती, पण ती देशोदेशीच्या हातांतून जाताना रखडे आणि बिघडे. आता काही मिनिटांत संदेश पोचू लागला. मुंबईच्या कापूसबाजारातला भाव आणि लिव्हरपूलचा भाव एकाच दिवशी कळू लागले. घळीतल्या संग्रहालयात ही सारी यंत्रणा मांडलेली आहे. केबलचा कापलेला तुकडा पाहिला. मध्ये तांब्याच्या तारा, भोवती मलायातल्या झाडांच्या चिकाचं, गटापर्चाचं आवरण, त्याभोवती ताग आणि बाहेर पोलादी तारांचं चिलखत. हजारो किलोमीटर प्रवास करून आलेला विजेचा प्रवाह इतका क्षीण असे की साधा काटा हलत नसे. म्हणून विल्यम थॉमसन यांनी, पुढे जे लॉर्ड केल्व्हिन झाले, एक उपाय काढला. नखाएवढा आरसा, त्याला चिकटवलेलं इवलंसं चुंबक, आणि समोरून दिव्याचा झोत. प्रवाह आला की आरसा किंचित कलतो आणि पट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका डावीउजवीकडे सरकतो. अंधाऱ्या खोलीत बसून कारकून तो ठिपका वाचत. आपल्याकडच्या बातम्या, बाजारभाव, बदल्या आणि मृत्यूच्या तारा या खोल्यांतून गेल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात हल्ल्याच्या भीतीनं हे तारघर ग्रॅनाइटच्या बोगद्यांत हलवलं. बोगदे खोदायला माणसं कुठून आणली? वरच्या कड्यांवरच्या कथलाच्या खाणींतून. संग्रहालयाचा काही भाग आजही त्याच बोगद्यांत आहे. आणि ही गोष्ट संपलेली नाही. १९९७ मध्ये सुरू झालेली फ्लॅग ही प्रकाशतंतूंची केबल पोर्थकर्नोच्याच किनाऱ्याला लागते, आणि तिच्या थांब्यांत मुंबई आहे.

पोर्थकर्नोपासून पेन्झान्सचा टप्पा तुलनेनं सौम्य. पेन्बर्थच्या लहानशा खाडीत अजून होड्या ओढून वर घेतात, लॅमोर्नाच्या घळीत झाडी दाट आहे. मग मावझलचं दगडी बंदर लागतं. या गावातून न्यूलिनकडे जाताना रस्त्याकडेला पेन्लीचं जुनं लाइफबोट-घर दिसतं. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री चक्रीवादळाच्या वेगाच्या वाऱ्यात 'युनियन स्टार' हे मालवाहू जहाज इंजिन बंद पडून कड्याकडे वाहत होतं. मावझलच्या आठ स्वयंसेवकांनी 'सॉलोमन ब्राउन' ही लाइफबोट समुद्रात लोटली. निघताना एका तरुणाला किनाऱ्यावरच ठेवलं, कारण त्याचे वडील आधीच बोटीवर होते. जहाजावरच्या चौघांना उतरवून घेतल्याचा निरोप आला, उरलेल्यांसाठी ते पुन्हा गेले, आणि मग काहीच ऐकू आलं नाही. दोन्ही नौकांवरची सोळाच्या सोळा माणसं गेली. त्यानंतर नव्या बोटीसाठी गावातून माणसं कमी पडली नाहीत. दरवर्षी १९ डिसेंबरला मावझलच्या बंदरातली नाताळची रोषणाई तासभर मंद करतात.

न्यूलिनच्या धक्क्याच्या टोकाला एक लहान इमारत आहे. १९१५ ते १९२१ या काळात तिथे समुद्राची सरासरी पातळी मोजली गेली, आणि ब्रिटनच्या मुख्य भूमीवरची प्रत्येक उंची तिथून धरली जाते. तिथून पेन्झान्सचं स्टेशन जवळच.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झान्सला थेट गाडी आहे, साधारण पाच तासांची. रात्रीची शयनयानांची गाडीही आहे. सेंट आइव्हजला जायचं तर सेंट अर्थला उतरून छोट्या फाट्यावरची गाडी धरायची. ती खाडीच्या काठानं जाते, डब्यात समुद्राच्या बाजूची जागा घ्यावी. मे-जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. उन्हाळ्यात वरून उघडी बस जवळपास सगळ्या गावांतून फिरते, त्यामुळे एका ठिकाणी मुक्काम करून रोज एक टप्पा चालता येतो. सामान पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या सेवाही आहेत. बूट घोट्यापर्यंतचे हवेत. ओढ्याचं पाणी पिऊ नये. वर गुरं आहेत आणि जुन्या खाणी आहेत. मोबाइलची रेंज घळीत जाते, म्हणून कागदी नकाशा सोबत ठेवावा. कड्याच्या अगदी कडेला उभं राहू नये, गवताखाली माती पोकळ असू शकते.

त्या कागदी नकाशावर ही वाट हिरव्या तुटक रेघेनं दाखवलेली असते, आणि माझ्या मते साऱ्या प्रवासातली सर्वांत मोलाची वस्तू ती रेघ आहे. ती सहजासहजी आलेली नाही. १९३२ मध्ये डर्बीशरच्या किंडर स्काउट पठारावर शेकडो कामगार खाजगी शिकारभूमीत मुद्दाम चालत गेले; त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. चालण्याच्या हक्काची ती चळवळ वाढत गेली आणि १९४९ चा कायदा झाला. त्या कायद्यानं गावोगावच्या पायवाटांची अधिकृत नोंद करायला लावली. नोंदलेली वाट शेतातून जात असली तरी शेतकरी ती अडवू शकत नाही, आणि चालणाऱ्यानंही वाट सोडून पीक तुडवायचं नाही. पुढे १९६५ मध्ये नॅशनल ट्रस्टनं लोकवर्गणीतून किनारा विकत घेण्याची मोहीम काढली. २००९ च्या कायद्यानं सबंध इंग्लंडभोवती अशी वाट जोडण्याचं ठरलं, आणि कडा ढासळला तर वाट मागे सरकवण्याची सोयही केली. १९७३ पासून साउथ वेस्ट कोस्ट पाथ असोसिएशन ही संस्था पैसा उभा करते, तुटलेल्या पायऱ्या कळवते. दर उन्हाळ्यात कुणीतरी विळा-कटर घेऊन झुडपं छाटतं, म्हणून ती रेघ जमिनीवरही सापडते.

आपल्या कोकणाला सातशे किलोमीटरांहून लांब किनारा आहे. सोन्याच्या तस्करीच्या काळात त्यावरही कस्टमची गस्त असे. गावागावांना जोडणाऱ्या पाखाड्या, सड्यावरच्या वाटा, बंदरावर उतरणाऱ्या घाट्या आजही आहेत. मच्छी विकायला जाणाऱ्या बायका आणि शाळेची मुलं त्यांवरून कालपरवापर्यंत चालत होती. रस्ते रुंद होत आहेत, खाड्यांवर पूल होत आहेत, ते हवेतच. पण दोन गावांमधला कडा, त्याखालची पुळण, त्यावरचा दीपस्तंभ हे मोटारीतून दिसत नाही, आणि जे कुणाला दिसत नाही ते कुंपणाआड जायला वेळ लागत नाही. आपल्या गावनकाशांतही गाडीवाटेप्रमाणे पायवाटांच्या तुटक रेघा ओढलेल्या असतात. तलाठ्याकडे, भूमी अभिलेखात त्या सापडतात. एका गावानं आपल्या हद्दीतली किनाऱ्याची रेघ शोधून काढावी, वर्षातून एकदा ती साफ करावी, शेजारच्या गावाच्या रेघेशी जोडावी. काम मोठं आहे, पण त्याची सुरुवात एका ग्रामसभेच्या ठरावानं होऊ शकते.